बोर्डावरची उरलेली जागा

बोर्ड चार बाय तीनचा होता, आणि मजकूर संपल्यावर खाली हातभर जागा उरली होती. मी स्टुलावर बसून त्या जागेकडे बघत होतो. ब्रशवरचा हिरवा रंग सुकायला लागला होता.

“शालनताई, अजून काही सांगा,” मी म्हणालो. “खाली फार मोकळं दिसतंय.”

शालनताई पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. “मला जेवढं माहीत आहे तेवढं सांगितलं की ओ. सर्दी, खोकला, अपचन, थकवा. माझ्या आईनं एवढ्यालाच दिला. बाकी मला काय ठाऊक?”

ही गोष्ट दोन हजार चार सालची, साताऱ्यातली. अजिंक्यताऱ्याच्या चढाला जिथून सुरुवात होते तिथे शालन निकम यांनी नुकतीच हातगाडी लावली होती. त्याआधी बारा वर्षं त्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होत्या. वसतिगृह बंद पडलं, तेव्हा त्यांच्या मनात आलं की पहाटे एवढी माणसं किल्ला चढायला येतात, त्यांना दुधाच्या चहाऐवजी पाल्याचा चहा द्यावा. गवती चहा त्यांच्या परसात होता, तुळस दारात होती आणि अडुळसा माहेरच्या बांधावरून यायचा.

मी वामन सुतार, बोर्ड रंगवणारा. त्या वर्षी साताऱ्यात फ्लेक्स छापायचं पहिलं मशीन आलं होतं आणि माझ्याकडची निम्मी कामं तिकडे गेली होती. त्यामुळे जो बोर्ड हाती येईल तो असा करायचा की बघणाऱ्यानं थांबून वाचलं पाहिजे, असं माझ्या डोक्यात बसलं होतं.

मी रंगवत होतो तोवर ताई चहा करत होत्या, आणि कसा करायचा तेही सांगत होत्या. गवती चहाची पात हातानं चुरगाळायची, तिची गाठ मारायची आणि पाण्याला उकळी आली की आत सोडून स्टोव्ह लगेच बंद करायचा. वर झाकण. उकळत ठेवला तर वास छपराला आणि पाणी गिऱ्हाईकाला, असं त्या म्हणाल्या. आल्याचं उलटं. ते ठेचून आधी टाकायचं, चांगलं पाच मिनिटं उकळू द्यायचं आणि तुळशीची पानं मात्र भांडं खाली उतरवल्यावर. धने, जिरे आणि बडीशेप अर्धवट भाजून मग भरडायची. अडुळशाला सगळ्यात वेळ. पाणी निम्मं होईस्तोवर आटवायचं, आणि तो कडू लागतो म्हणून त्यात ज्येष्ठमधाची काडी. असे चार प्रकार, चार ओळींत मी लिहिले होते आणि प्रत्येकासमोर तो कशाला चांगला तेही.

ताई कळशी घेऊन नळावर गेल्या. महिन्याभरापूर्वी मी एका जडीबुटीवाल्याच्या गाडीवर बावीस रोगांची नावं रंगवली होती. ती माझ्या तोंडपाठ होती. मी दोरा धरून खडूची रेघ मारली आणि त्या हातभर जागेत एक ओळ बसवली: ‘तसेच मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांवर गुणकारी.’ ‘गुणकारी’ लाल रंगात, खाली वेलबुट्टी.

ताई परत आल्या. कळशी खाली न ठेवताच त्यांनी बोर्ड वाचला.

“हे मी सांगितलं नव्हतं.”

“सगळेच लिहितात, ताई. बोर्ड भरलेला पाहिजे.”

“रक्तदाबावर ह्यातला कुठला?”

कुठला तरी असेल, असं मी म्हणालो.

“पुसता येईल?”

“येईल, पण डाग राहील.”

तेवढ्यात किल्ल्यावरून उतरलेले दोघं जण गाडीशी आले, बोर्ड वाचायला लागले आणि त्यांनी दोन ग्लास मागितले. ताईंनी कळशी ठेवली. पुसायचा विषय तिथेच राहिला.

फरांदेकाका त्या बोर्डामुळेच गाडीवर यायला लागले. सर्जेराव फरांदे एसटीत वाहतूक नियंत्रक होते, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. रोज सकाळी सहा वीसला ते चढाशी यायचे. सहा एकवीस नाही की एकोणीस नाही. मिळेल ते वाचायची त्यांना सवय होती, मग ती लग्नपत्रिका असो की पुडीचा कागद. पहिल्या दिवशी त्यांनी माझा बोर्ड वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला, अक्षर कुणाचं म्हणून विचारलं आणि अडुळशाचा ग्लास घेतला. थोडं गोड जास्त करा, म्हणाले.

मी पण रोज जायला लागलो. खरं सांगायचं तर लोक बोर्ड वाचतात ते बघायला जायचो. बाकाच्या एका टोकाला काका, दुसऱ्या टोकाला मी. काका डेपोतल्या गोष्टी सांगायचे. कोणती गाडी कोणत्या फलाटाला किती मिनिटं उशिरा लागायची ते त्यांना साल-महिन्यासकट आठवायचं. मला ते आवडायला लागले होते. माझे वडील फारसे बोलत नसत, त्यामुळेही असेल.

दोन महिने गेले असतील. एका सकाळी काकांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“पेंटर, एक सांगतो. आमच्या घरी बोलू नकोस. सव्वा महिना झाला, मी बीपीची गोळी बंद केलीय.”

मी ग्लास तोंडाला लावलेला होता.

“ही रोज हातावर ठेवते,” ते सांगत होते. “मी तोंडात टाकल्यासारखं करतो आणि खिशात घालतो. त्या गोळीनं दिवसभर अंग जड व्हायचं. आता बघ, वरच्या दरवाजापर्यंत न थांबता जातो. तुझ्या बोर्डावर वाचलं नसतं तर मला कळलंही नसतं. अक्षर काय आहे तुझं, अख्ख्या साताऱ्यात नाही.”

‘काका, ते मी उगाच लिहिलंय,’ हे वाक्य माझ्या घशापर्यंत आलं होतं. ते मला आजही आठवतं. पण आदल्याच आठवड्यात दोन दुकानांची कामं फ्लेक्सवाल्याकडे गेली होती, आणि समोर एक माणूस माझ्या अक्षराचं कौतुक करत होता.

“बरं वाटतंय ना?” मी म्हणालो. “मग झालं.”

त्यानंतर नऊ दिवसांनी, मंगळवारी, काकांच्या हातातून ग्लास पडला. आम्हाला वाटलं, निसटला. ते उचलायला वाकले आणि तसेच एका बाजूला कलले. शालनताईंनी धावत येऊन त्यांना खांद्याला धरलं. काका काहीतरी सांगत होते, पण शब्द लागत नव्हते, आणि तोंडाची उजवी बाजू खाली ओढल्यासारखी दिसत होती. मी रस्त्यावर जाऊन रिक्षा अडवली. दवाखान्यापर्यंत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. डावा हात त्यांनी माझ्या शर्टात घट्ट रोवला होता. उजवा नुसता पडलेला होता.

दवाखान्यात त्यांना लगेच आत नेलं. अर्ध्या तासात काकांच्या पत्नी, विमलकाकू आल्या. मी त्यांना त्याआधी कधी भेटलो नव्हतो. ठेंगण्या, नीटनेटक्या, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत नवऱ्याच्या गोळ्यांचा डबा. घाईतही त्या डबा विसरल्या नव्हत्या.

डॉक्टर तरुण बाई होत्या. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं की मेंदूच्या नसेला इजा झालीय, वेळेत आणलंत, जिवाचा धोका बहुतेक टळेल, पण उजव्या अंगाचं आत्ता सांगता येत नाही. बीपी दोनशे वीस होतं. औषध चालू आहे का, असं त्यांनी विचारलं.

“रोज,” काकू म्हणाल्या. “माझ्या हातानं देते. सहा वर्षांत एक दिवस चुकला नाही.”

डॉक्टरांनी डब्यातली पट्टी बघितली, कपाळाला आठी घातली, काहीतरी लिहिलं आणि आत जायला वळल्या.

त्या वळल्या त्या क्षणी मी गप्प राहिलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. काका बोलू शकत नव्हते. काकूंना माझं नावही ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी मी फक्त रिक्षा आणणारा माणूस होतो.

“डॉक्टर,” मी म्हणालो, “त्यांनी गोळी बंद केलीय. दीड महिना होत आला.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. डॉक्टर परत आल्या. तुम्हाला कसं माहीत, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. गोळीऐवजी ते काय घेत होते तेही. कशाचा चहा, हे त्यांनी दोनदा विचारलं.

“अडुळसा आणि ज्येष्ठमध.”

“ज्येष्ठमध रोज?”

“रोज. जरा जास्तच.”

डॉक्टरांनी पेन टोपणात घातलं. मग शांतपणे सांगितलं की खोकल्याला चार दिवस ज्येष्ठमध घेतलं तर ठीक, पण रोज घेतलं की काही जणांचं बीपी त्यानं उलट वाढतं. इथे गोळी थांबली आणि वरून हे. “पण तुम्ही सांगितलंत ते बरं झालं. नाहीतर ही गोळी पुरत नाही असं समजून मी दुसरी वाढवली असती.”

त्या आत गेल्या. काकू बाकावर बसल्या. मी उभाच राहिलो.

“ह्यांनी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही काय म्हणालात?” काकूंनी विचारलं.

“बरं वाटतंय ना, मग झालं, असं म्हणालो.”

मग मी उरलेलंही सांगून टाकलं. बोर्डावर ‘रक्तदाब’ हा शब्द कुठल्या वैद्याच्या सांगण्यावरून आलेला नाही, शालनताईंचाही नाही. खाली जागा उरली होती म्हणून तो मी लिहिला.

मला वाटलं, त्या आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला आणि पिशवीचे बंद हाताला गुंडाळले.

“ते शुद्धीवर आले की हे तुम्हीच त्यांना सांगायचं,” त्या म्हणाल्या. “माझं ते ऐकत नाहीत. लिहिलेलं ऐकतात.”

दवाखान्यातून मी सरळ गाडीशी गेलो. स्टोव्ह विझलेला होता आणि बोर्ड भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. शालनताई बाकावर बसल्या होत्या. उद्यापासून गाडी लावायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. डॉक्टर काय म्हणाल्या ते मी सांगितलं, काही न गाळता.

“त्यांना गोड आवडायचं,” ताई म्हणाल्या. “म्हणून मी त्यांच्या ग्लासात काडी जास्त घालायचे. मायेनं घालायचे.”

“चूक माझी आहे, ताई.”

“तुम्ही लिहिलंत. मी रोज त्याच्याखाली उभी राहून विकलं.”

मी रंग खरवडायला पत्री आणि टर्पेंटाइन आणलं होतं. ती ओळ निघता निघत नव्हती. ऑइलपेंट चांगल्या प्रतीचा होता आणि मी दोन हात मारले होते. शेवटी पत्र्यावर पांढुरका ओरखडा राहिला, तेव्हा मी थांबलो.

तिसऱ्या दिवशी काकांना वॉर्डात आणलं. बोलणं परत आलं होतं, पण एकेक शब्द शोधून काढावा लागत होता. काकू मला आत घेऊन गेल्या आणि स्वतः खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी सगळं सांगितलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

“कुठल्या पुस्तकातनं... घेतलंस?”

“पुस्तकातनं नाही, काका. जागा उरली होती.”

त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी दहा मिनिटं उभा होतो. ते काही वळले नाहीत.

पुढचे चार दिवस मी कामाला हात लावला नाही. घरी बायकोला सांगितलं. पाचव्या दिवशी काकूंचा निरोप आला, कागद आणि पेन्सिल घेऊन ये म्हणून.

काकांना उशी लावून बसवलं होतं. चेहरा उतरला होता, पण दाढी केलेली होती. मी गेल्या गेल्या त्यांनी डाव्या हातानं स्टूल दाखवलं.

“बत्तीस वर्षं डेपोत काढली,” ते सावकाश म्हणाले. मध्ये थांबत, शब्द जुळवत. “गाडीला पाटी चुकीची लागली... आणि माणूस भलत्या गावाला उतरला... तर तिकीट काढणाऱ्याला कुणी बोल लावत नाही. पाटी कुणी लावली, ते विचारतात.”

“हो.”

“मग काय करतात?”

“माहीत नाही, काका.”

“पाटी बदलतात. गाडी... बंद नाही करत.” त्यांनी कागदाकडे बोट केलं. “लिही.”

एक तास लागला. एक शब्द सांगायचे, दमायचे, पुन्हा सांगायचे. एकदा मी पुढचा शब्द ओळखून लिहिला तर त्यांनी तो खोडायला लावला आणि स्वतःचा सांगितला. शेवटी कागदावर उतरलं ते असं: ‘हा चहा औषध नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू ठेवा. बीपी असेल तर ग्लास घेण्याआधी सांगा.’

“अक्षर बारीक नको,” ते म्हणाले. “आधीच्या एवढंच. लाल.”

काकू खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला तो मला दिसला.

तो कागद घेऊन मी शालनताईंच्या घरी गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला आणि घडी करून कमरेला खोचला. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच दवाखान्यात गेल्या. प्रत्येक पाल्याची, काडीची आणि बियांची वेगळी पुडी बांधून नेली आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर दीड तास बसल्या. कुणाला काय चालेल, काय चालणार नाही, ते एकेक पुडी पुढे करून विचारून आल्या. डॉक्टरांनी आधी घड्याळ बघितलं, मग हसल्या आणि नीट सांगितलं, असं ताई म्हणाल्या. गरोदर बाईला अडुळसा द्यायचा नाही, हेही त्यांना तिथेच कळलं.

मी बोर्ड पुन्हा रंगवला. खरवडलेली जागा हिरव्यानं झाकली आणि काकांच्या ओळी लिहिल्या. मजकूर बरोबर बसला.

गाडी परत लागली तेव्हा काही जण बोर्ड वाचून हसले. औषध नाही तर प्यायचा कशाला, असं एकानं विचारलं. ताईंनी सांगितलं, चव बघा आणि ठरवा. काही गिऱ्हाइकं तुटली. जी राहिली ती मात्र टिकली, आणि ताई प्रत्येक नव्या माणसाला ग्लास भरण्याआधी विचारायला लागल्या, बीपी आहे का, साखर आहे का, गोळ्या कुठल्या. लोक उत्तरं द्यायला लागले. एक बाई तर म्हणाल्या की माझ्या सुनेनंही मला हे कधी विचारलं नाही.

काका साडेतीन महिन्यांनी आले. काठी होती, सोबत काकू होत्या. चढ त्यांना मना होता, पण चढाच्या पायथ्यापर्यंत यायला कुणी मना केलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी उठून उभा राहिलो, तर त्यांनी काठीनं बाकाचं माझं टोक दाखवलं. बस म्हणाले. त्या विषयावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

उजव्या हातात जोर आला नव्हता. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं की जे काम उजव्या हातानं करायचात ते उजव्यानंच करा, सांडलं तर सांडू दे. म्हणून ताई त्यांना गवती चहा द्यायच्या तो अर्धा ग्लास, कोमट, आणि बाकावर आणून. सुरुवातीला तोही शर्टावर यायचा. काकू रुमाल घेऊन बसायच्या. पुढे रुमाल लागायचा कमी झाला. मग काका उठून गाडीपर्यंत जायला लागले, पण ग्लास आणायचे ताईच.

जानेवारीतल्या एका सकाळी धुकं इतकं होतं की किल्ला दिसत नव्हता. काका गाडीशी गेले आणि काठी त्यांनी चाकाला टेकवून ठेवली. ताईंनी नेहमीसारखा अर्धा ग्लास भरला.

“पूर्ण भर,” काका म्हणाले.

“गरम आहे, काका.”

“असू दे. पूर्ण भर.”

ताईंनी काठोकाठ भरला. काकांनी उजवा हात पुढे केला. बोटं ग्लासाभोवती एकेक करून बसली. बाक सातआठ पावलांवर होता. काकू उठायला लागल्या तर ताईंनी मान हलवून त्यांना थांबवलं. काका निघाले. पहिल्या दोन पावलांत थोडा चहा बोटांवरून ओघळला. भाजलं असणार, पण त्यांनी ग्लास सोडला नाही. मध्ये एकदा थांबले, हाताकडे बघितलं, ग्लास सरळ केला आणि पुन्हा चालायला लागले. चढावर निघालेले तिघं-चौघं जण होते, तेही का कुणास ठाऊक थांबून राहिले.

काका बाकाशी आले, वळले आणि बसले. ग्लास पाऊण भरलेला होता. त्यांनी तो तोंडाशी नेला, फुंकर मारून एक घोट घेतला, दुसरा घेतला, आणि मग त्यांचं आमच्याकडे लक्ष गेलं. काकू, ताई आणि मी, तिघंही आपापला ग्लास हातात धरून त्यांच्याकडे बघत होतो.

“बघताय काय,” ते म्हणाले. “प्या की. गार होतोय तुमचा.”